परतावा तुमचा, लॉगिन कोणाच्या हातात?

वाचकांचे प्रश्न, कर सल्लागाराची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. आपल्या धंद्याच्या कराच्या खात्यात दुसरंच कोणीतरी शिरलंय, आणि आपल्या नावानं सरकारकडून पैसे मागतंय. त्यामुळे रिटर्नच्या तारखा आणि विलंब शुल्काचे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण काहींच्या तक्रारी पोलिसांत आहेत.

प्रश्न : मॅडम, आमचा टर्किश टॉवेलचा छोटा कारखाना आहे, भागीदारी फर्म. माल आखातात जातो. एलयूटीवर, म्हणजे आधी हमीपत्र देऊन कर न भरता, निर्यात करतो, त्यामुळे सुतावर भरलेला जीएसटी क्रेडिटमध्ये साचत राहतो आणि अधूनमधून त्याचा रिफंड मागतो. मागच्या आठवड्यात जीएसटी ऑफिसातून कारखान्याच्या लँडलाइनवर फोन आला, ‘तुमच्या रिफंडच्या अर्जातला शिपिंग बिलांचा तक्ता जुळत नाही.’ आम्ही तर अर्जच केलेला नाही! लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड चालेना, ओटीपी कुठे जातोय तेही कळेना. नोंदणी करताना जुन्या सल्लागारांनी त्यांच्या ऑफिसातल्या मुलाचा मोबाइल नंबर दिला होता, असं आता समजलं. तो मुलगा केव्हाच काम सोडून गेला, नंबरही त्यानं बंद केला. अर्जात जे बँक खातं दिसतंय ते आमच्या फर्मच्याच नावाचं आहे, पण आम्ही कधी न गेलेल्या गावातलं. रक्कम १८ लाख. काय करू?
एक उद्योजक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : आधी दिलासा देते. अधिकाऱ्यांनी तक्त्यावर बोट ठेवलंय, म्हणजे मंजुरीचा आदेश निघालेला नाही आणि पैसे अजून सरकारकडेच आहेत. पण निर्यातीच्या रिफंडमध्ये ९० टक्के रक्कम तात्पुरती म्हणून आधीच देण्याची सोय आहे, आणि अर्जाची पोच निघाल्यापासून सात दिवसांत ती द्यायची असते. प्रामाणिक निर्यातदाराचं भांडवल अडकू नये म्हणून ही सोय केली. चोरालाही तीच घाई सोयीची पडते. म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला फोनवर जे सांगितलं तेच इथे सगळ्यांसाठी लिहिते.

पहिलं काम कागदाचं. फर्मच्या लेटरहेडवर, सर्व भागीदारांच्या सह्यांनी, तुमच्या अधिकारक्षेत्रातल्या अधिकाऱ्यांना पत्र द्या. फर्म राज्याकडे आहे की केंद्राकडे, हे माहीत नसेल तर जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये जीएसटी नंबर टाकला की दिसतं. पत्रात अर्जाचा एआरएन, म्हणजे पोचीवरचा नंबर लिहा आणि सरळ शब्दांत लिहा की हा अर्ज आमचा नाही, हे बँक खातं आमचं नाही, यावर कुठलीही रक्कम देऊ नये. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. साहेब जागेवर नसले तरी आवक टेबलावर शिक्का मारून मिळतो. या शिक्क्याला इतकं महत्त्व का, ते सांगते. उद्या समजा पैसे त्या खात्यात गेलेच, तर चुकीनं दिलेला परतावा वसूल करण्याची नोटीस नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच येणार. त्या नोटिशीला ‘आम्ही अमुक तारखेला लेखी कळवलं होतं’ हे तुमचं सगळ्यात भक्कम उत्तर.

त्याच भेटीत दुसरा अर्ज द्या, मोबाइल आणि ईमेल बदलून मिळण्याचा. सल्लागारानं स्वतःचा नंबर घातला आणि आता तो सापडत नाही, या तक्रारी इतक्या आल्या की २०१८ मध्येच सरकारला त्यासाठी वेगळी सोय करावी लागली. फर्मचं पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, भागीदारीचा करारनामा आणि तुमची ओळखपत्रं पाहून अधिकारी त्यांच्या लॉगिनमधून नवा मोबाइल आणि ईमेल चढवतात. मग नव्या ईमेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो. ही सोय आहे हे कितीतरी व्यापाऱ्यांना माहीतच नसतं. ते आठवडा-आठवडा हेल्पडेस्कच्या तिकिटांमागे पळत राहतात. हेल्पडेस्कला (१८००-१०३-४७८६) फोन जरूर करा, तिकीट नंबर नोंदून ठेवा, पण कुलूप उघडणार ते तुमच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर.

मग पोलीस. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि तिची प्रत घेऊन शहर सायबर पोलीस ठाण्यात जा. ‘पैसे गेलेत का? नाही ना? मग कसला गुन्हा?’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख फसवणुकीनं वापरणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. पैसे हलेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आणि ती बँक. रिफंडचं खातं अर्जदाराच्याच नावाचं आणि त्याच्याच पॅनवर उघडलेलं हवं, असं जीएसटीचा नियम ९६सी सांगतो. म्हणूनच टोळीला तुमच्या फर्मच्या नावानं चालू खातं उघडावं लागलं. त्यासाठी लागणारं नोंदणी प्रमाणपत्र पोर्टलवरूनच उतरवता येतं. लॉगिन हाती आलं की फर्मच्या निम्म्या कागदांची सोय झालीच. पण खातं उघडताना समोर बसलेला माणूस कोण, हे पाहणं बँकेचं काम होतं. शाखा व्यवस्थापकाला आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला आजच लेखी कळवा, खातं गोठवायला सांगा आणि केवायसीचे कागद व शाखेतलं सीसीटीव्ही चित्रण पोलिसांसाठी जपून ठेवायला सांगा. हे चित्रण बँका कायम ठेवत नाहीत, म्हणून घाई.

हे घडलं कसं, तेही समजून घ्या. बंद पडलेला प्रीपेड नंबर ठरावीक मुदतीनंतर मोबाइल कंपनी दुसऱ्याला देते. तो ज्याच्या हातात पडला त्याच्याकडे तुमचे ओटीपी जाऊ लागले. एकदा आत शिरलं की मोबाइल, ईमेल आणि बँक खातं बदलणं ही ‘नॉन-कोअर’ दुरुस्ती. धंद्याचा मुख्य पत्ता किंवा भागीदार बदलायला अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, याला लागत नाही. कंपनी आणि एलएलपीला निदान डिजिटल सहीचं टोकन जोडावं लागतं. तुमच्यासारख्या भागीदारी फर्मचं आणि एकट्या मालकाच्या फर्मचं काम ओटीपीवर भागतं. म्हणून या टोळ्यांचा डोळा लहान फर्मवर.

लॉगिन परत मिळाल्यावर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. नोंदणीतला अधिकृत सहीदारांचा भाग उघडा, नवं नाव घुसवलंय का पाहा. बँक खात्यांची यादी पाहा. धंद्याची जादा ठिकाणं पाहा, तिथे एखादं भलतंच गोदाम चढवलेलं असतं. एपीआय अॅक्सेस चालू ठेवलाय का पाहा, नाहीतर दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून तुमचं खातं उघडंच राहील. मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचं लॉगिन वेगळं असतं, त्यातले सब-युजर तपासा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, तुमच्या नावानं भलत्या पार्ट्यांना बिलं फाडलीत का ते पाहा. पुष्कळदा रिफंड हा वरचा मलिदा असतो, खरा धंदा बोगस बिलांचा. तुमच्या जीएसटी नंबरवर बिल फाडायचं, समोरच्यानं त्याचं क्रेडिट घ्यायचं आणि कर मात्र तुमच्या नावावर थकायचा. त्या महिन्याचा ३बी, म्हणजे कर भरण्याचा रिटर्न, भरलेला नसेल तर जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये ती बिलं काढता येतात. भरला असेल तर पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करा आणि त्याचीही प्रत अधिकाऱ्यांना द्या.

राहिलं तुमचं १८ लाखांचं क्रेडिट. रिफंडचा अर्ज दाखल होताच तेवढी रक्कम क्रेडिट लेजरमधून वजा होते, म्हणून लेजर रिकामा दिसला तर छातीत धस्स होऊ देऊ नका. आदेश किंवा रिफंड नाकारण्याची नोटीस निघालेली नसेल तर आरएफडी-०१डब्ल्यू या फॉर्मनं अर्ज मागे घेता येतो आणि क्रेडिट परत जमा होतं. मात्र अधिकाऱ्यांशी बोलून, पोलिसांना अर्जाची प्रत देऊन मगच मागे घ्या. तो अर्ज पुरावा आहे.

प्रश्न : ताई, मी शिवणकाम करते. बचत गटाच्या कर्जासाठी एका एजंटला आधार, पॅनची झेरॉक्स आणि फोटो दिला होता, त्यानं मशिनवर अंगठाही घेतला. कर्ज काही मिळालं नाही. आता मुलानं इन्कम टॅक्सच्या साइटवर पाहिलं तर माझ्या नावावर दिल्लीच्या एका फर्मची कोट्यवधींची उलाढाल दिसते. मी दिल्ली पाहिलेलीसुद्धा नाही. मला पकडतील का?
एक भगिनी, बार्शी तालुका

उत्तर : नाही हो ताई, घाबरू नका. तुमच्या नावावर गुन्हा झालाय, तुम्ही केलेला नाही. पण गप्प बसलात तर मात्र ते सिद्ध करणं दिवसेंदिवस अवघड होत जाईल.

तुमच्या बाबतीत जे झालं ते गुजरातमध्ये फार मोठ्या प्रमाणावर झालं. भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्यात गरीब माणसांना सरकारी योजनेचा लाभ मिळेल असं सांगून आधार केंद्रावर नेलं, अंगठा घेतला आणि त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलला. मग आधारचा ओटीपी टोळीच्या फोनवर, त्यावरून पॅन, पॅनवरून जीएसटी नोंदणी. हे २०२३ मध्ये उघडकीला आलं. त्याच वर्षी जूनमध्ये नोएडा पोलिसांनी जी टोळी पकडली तिच्याकडे २,६६० बनावट फर्मची यादी निघाली. प्रत्येक फर्ममागे तुमच्यासारखं कोणाचं तरी आधार, कोणाचं तरी पॅन. एवढ्या माणसांना कळतच नाही की आपण कागदावर ‘प्रोप्रायटर’ आहोत.

मुलाला जीएसटी पोर्टलवर ‘सर्च बाय पॅन’ उघडायला सांगा, लॉगिन लागत नाही. तुमच्या पॅनवर देशात जेवढे जीएसटी नंबर असतील तेवढे दिसतील. नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, दिल्लीचे ०७. जो नंबर दिसेल त्याचा अधिकारी कोण तेही तिथेच कळतं. त्या अधिकाऱ्यांना नोंदणी फसवणुकीनं घेतल्याची लेखी तक्रार स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत इथल्या जीएसटी ऑफिसात द्या. फसवणुकीनं घेतलेली नोंदणी सुरुवातीच्या तारखेपासून रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि तुम्हाला तीच मागणी करायची आहे. नुसतं ‘बंद करा’ म्हटलं तर मधल्या काळाची थकबाकी तुमच्या नावावर राहू शकते.

इन्कम टॅक्सच्या ज्या पानावर, म्हणजे एआयएसमध्ये, ती उलाढाल दिसते तिथेच प्रतिसाद देण्याची सोय आहे. ‘ही माहिती मला मान्य नाही’ हा पर्याय निवडून नोंद करा. तक्रार बार्शीच्या पोलीस ठाण्यातच द्या, दिल्लीला जायची गरज नाही. हद्द आमची नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो.

आणि आजच करायचं काम म्हणजे आधारला कोणता मोबाइल जोडलाय ते तपासा, तो तुमचाच हवा. मग आधारच्या अॅपवरून अंगठा आणि डोळ्यांची ओळख लॉक करून टाका. तिथेच तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहासही दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. त्या एजंटचं नाव, नंबर, तो कोणाकोणाच्या घरी गेला होता, हे सगळं लिहून द्या. गटातल्या बाकीच्या बायकांनाही ‘सर्च बाय पॅन’ करायला सांगा. तुम्ही एकट्या नसाल, याची मला जवळजवळ खात्री आहे. आणि चार-पाच जणी मिळून ठाण्यात गेलात तर तक्रारीला वजन येतं.

प्रश्न : मॅडम, मी दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिस सुरू केली. बहुतेक क्लायंट म्हणतात, ‘सर, तुमचाच नंबर टाका, आम्हाला ते ओटीपीचं झंझट नको.’ सगळ्यांचे पासवर्ड माझ्या एक्सेल शीटमध्ये आहेत. ओटीपी येतोही माझ्याच फोनवर. सोयीचं पडतं, पण आता भीती वाटते. सीनियर म्हणतात, सगळे असंच करतात.
एक तरुण कर सल्लागार, पंढरपूर

उत्तर : सगळे असंच करतात हे खरं आहे, आणि ते थांबलंच पाहिजे. मला या विषयावर राग येतो, तो लपवत नाही. सरकारनं कितीही नियम केले तरी आपल्या व्यवसायातली ही सवय टोळ्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडते. दुकानदार गल्ल्याची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून गावाला जाईल का? मग ज्या खात्यातून लाखोंचं क्रेडिट आणि परतावा फिरतो त्याची किल्ली आपल्याकडे का असावी? एका सल्लागाराचा लॅपटॉप किंवा एक सिमकार्ड चोराच्या हाती लागलं की शंभर धंदे एका रात्रीत उघडे पडतात. आणि मग पोलीस पहिला प्रश्न विचारणार तुम्हालाच, कारण ओटीपी तुमच्या फोनवर आला होता. तुम्ही निर्दोष असलात तरी.

ही एक्सेल शीट आजच बंद करा. एकेक क्लायंटला बसवून मोबाइल आणि ईमेल मालकाचा करून घ्या. ईमेलही त्यांचाच हवा. फर्मच्या नावानं तुम्ही काढलेला आणि त्यांनी कधीच न उघडलेला ईमेल म्हणजे तुमचाच. तुम्ही जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी केली असेल तर क्लायंटला त्याच्या लॉगिनमधून तुम्हाला नेमता येतं, आणि संबंध संपला की काढूनही टाकता येतं. मग तुम्ही तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून काम करता, त्याचा पासवर्ड तुम्हाला लागतच नाही. डिजिटल सहीची टोकनं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून ठेवायची पद्धत आहे ना, तीही मोडा. ज्याची सही त्याच्या कपाटात.

क्लायंट कुरकुरतील. दुपारी बाजाराच्या गर्दीत ओटीपीसाठी फोन केला की वैतागतील. तेव्हा त्यांना वर छापलेलं सोलापूरच्या उद्योजकाचं पत्र वाचून दाखवा. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच पासवर्डबरोबर ओटीपी द्यावा लागतो, त्यामुळे सवय लावावीच लागणार आहे.

अजून एक विनंती. दर सोमवारी प्रत्येक निर्यातदार क्लायंटचा क्रेडिट आणि कॅश लेजर उघडून एकदा नजर टाका. न सांगता कमी झालेली रक्कम लेजरमध्ये लगेच दिसते. नोटीस यायला महिने जातात.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला असतो. मी आणि यजमान मिळून मराठी जेवणाच्या केटरिंगची लिमिटेड कंपनी चालवतो. इथे हजारो लोकांची टॅक्स खाती हॅक झाल्याच्या बातम्या वाचल्या. आमच्या कंपनीचंही खातं असं ताब्यात घेतलं जाऊ शकतं का? भारतातल्यापेक्षा इथे सुरक्षा बरी असेल ना?
एक वाचक, स्लाउ

उत्तर : ताई, बरी असेल म्हणून निर्धास्त राहू नका. ब्रिटनच्या कर खात्यानं, म्हणजे एचएमआरसीनं, जून २०२५ मध्ये संसदेच्या समितीपुढे मान्य केलं की सुमारे एक लाख लोकांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या कराच्या ऑनलाइन खात्यांचा गैरवापर करून टोळ्यांनी ४.७ कोटी पौंड परतावा म्हणून उचलले. खात्याची यंत्रणा फोडली नव्हती. बनावट मेसेज-ईमेलमधून आणि इतर मार्गांनी लोकांची माहिती गोळा केली आणि तिच्या आधारानं काहींच्या खात्यात शिरले, तर ज्यांनी ऑनलाइन खातं कधी उघडलंच नव्हतं त्यांच्या नावानं नवं उघडलं. पैसे सरकारचे गेले, त्या माणसांच्या खिशातले नाहीत. त्यानंतरच्या महिन्यात रुमानियात १३ जणांना आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन इथे एकाला अटक झाली. म्हणजे टोळी एका देशात, खाती दुसऱ्या देशातली.

त्या प्रकरणातली खाती नोकरदारांची होती, पण कंपनीच्या खात्यालाही हीच युक्ती लागू पडते. व्हॅटचा परतावा मागता येतो, पगारावरच्या कराचा मागता येतो. तुमच्या बिझनेस टॅक्स अकाउंटमध्ये जाऊन कोणकोणते एजंट जोडलेले आहेत ते पाहा. पूर्वीचे अकाउंटंट अजून तिथे असतील तर काढून टाका. गव्हर्नमेंट गेटवेचं प्रशासकीय लॉगिन तुमच्या दोघांपैकी एकाकडेच हवं, त्यावर टू-स्टेप पडताळणी हवी, आणि अकाउंटंटनं त्यांच्या एजंट खात्यातून काम करायचं. कंपनीज हाउसचा, म्हणजे कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, ऑथेंटिकेशन कोडही असाच जपा, कारण त्यावर कंपनीचे संचालक आणि पत्ता बदलण्याचे फॉर्म भरता येतात. १८ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे संचालकांची ओळख पडताळणं सक्तीचं होऊ लागलंय, त्यात मिळणारा वैयक्तिक कोड कोणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, अगदी ओळखीच्या मराठी अकाउंटंटलासुद्धा. आणि तुम्ही मागितलेलाच नाही अशा परताव्याचं पत्र दारात पडलं तर ते चुकून आलं असेल म्हणून टाकून देऊ नका. सरकारी संकेतस्थळावरचा नंबर शोधून त्यावरच फोन करा, पत्रावर छापलेल्या नंबरवर नको.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. दर वेळी व्यापाऱ्यानंच काळजी घ्यायची, तक्रारी त्यानंच द्यायच्या. या टोळ्यांना जरब बसेल असं सरकार काय करतं? आणि आतली माणसं सामील असल्याशिवाय हे होतं का?
एक ज्येष्ठ वाचक, इचलकरंजी

उत्तर : काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि दुसरा भाग टाळून उत्तर देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मुंबईतल्या आयकर खात्याच्या एका कर्मचाऱ्यानं वरिष्ठांचं लॉगिन आणि सुरक्षा टोकन वापरून २०१९-२० च्या सुमारास टीडीएसचे १२ बनावट परतावे काढले, रक्कम २६३ कोटी ९५ लाख, असा सीबीआय आणि ईडीचा आरोप आहे. म्हणजे सरकारी कार्यालयातही साहेबांचा पासवर्ड हाताखालच्या माणसाकडे होता. पंढरपूरच्या मुलाला जे सांगितलं तेच तिथेही लागू.

कायद्यात एक विचित्र गोष्ट आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १३२ मध्ये पाच कोटींवरच्या बोगस बिलांचा आणि त्यावर क्रेडिट घेण्याचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण फसवणुकीनं परतावा उचलणं हे त्याच कलमाच्या वेगळ्या पोटकलमात येतं, आणि ते त्या यादीत नाही. रक्कम कितीही मोठी असली तरी. त्यामुळे टोळी फक्त रिफंडवर हात मारत असेल तर खरा जोर भारतीय न्याय संहितेच्या कलमांवर द्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीत आर्थिक आणि सायबर गुन्हेही आलेत, शिक्षा किमान पाच वर्षं, जन्मठेपेपर्यंत. पण ते लावायला टोळीतल्यांवर आधीच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं असावी लागतात. आणि आरोपपत्रं दाखल कधी होणार? लहान लहान तक्रारी ‘पैसे गेले नाहीत ना’ म्हणून परत पाठवल्या नाहीत तर! म्हणूनच मी प्रत्येक पत्रलेखकाला गुन्हा नोंदवायचा आग्रह धरते.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये बोगस नोंदण्या शोधायची देशव्यापी मोहीम झाली. पालिताण्यानंतर संशयास्पद अर्जदाराला केंद्रावर बोलावून अंगठ्यानं ओळख पटवायची पद्धत आधी गुजरात आणि पुद्दुचेरीत आणि मग टप्प्याटप्प्यानं इतर राज्यांत आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो ९० टक्क्यांचा तात्पुरता परतावा अर्जाची जोखीम संगणकानं तपासून द्यायचं ठरलं, हेही योग्यच झालं.

पण हे सगळं नवी बोगस फर्म पकडण्यासाठी आहे. खऱ्या, जुन्या, चांगलं नाव असलेल्या फर्मचं खातं पळवलं तर या चाळणीत ती अडकणार नाही, कारण संगणकाला ती चांगलीच दिसते. तिथे मला दोन गोष्टी हव्यात आणि मी त्या दर वर्षी संघटनेमार्फत लिहून पाठवते. एक, मोबाइल, ईमेल किंवा बँक खातं बदललं की त्यानंतर काही दिवस रिफंडचा अर्ज पुढे सरकू नये, आणि बदलाची सूचना जुन्या नंबरवर, जुन्या ईमेलवर आणि नोंदणीतल्या पत्त्यावर कागदानंही जावी. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियानं केलीय. तिथे १३ नोव्हेंबर २०२३ पासून, एकट्या मालकाचे धंदे सोडले तर प्रत्येक नोंदणीकृत धंद्यानं आधी स्वतःच्या ऑनलाइन खात्यातून संमती दिल्याशिवाय कुठलाही नवा एजंट त्या धंद्याचं खातं स्वतःला जोडून घेऊ शकत नाही. आपल्याकडे प्रॅक्टिशनरला नेमायची सोय आहे, पण तिच्यावाचूनही सगळं चालतं, म्हणून कोणी वापरत नाही. ती सक्तीची करा.

तुमच्यासारख्या निवृत्त बँकवाल्यांना एक विनंती. तुमच्या जुन्या शाखेतल्या मुलांना सांगा, फर्मच्या नावाचं चालू खातं उघडताना जीएसटी पोर्टलवर फर्मचा पत्ता पाहा आणि एकदा त्या पत्त्यावर माणूस पाठवा. सोलापूरच्या फर्मचं खातं शेकडो मैल दूर का उघडलं जातंय, एवढा प्रश्न विचारला असता तरी वरचं पहिलं पत्र आलंच नसतं.

प्रश्न : ‘जीएसटी ऑफिसातून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, ओटीपी सांगा’ असा फोन आला. नंबर मुंबईचा होता, माझा जीएसटी नंबरही त्यांनी बरोबर सांगितला. खरा असेल का?
एक दुकानदार, लातूर

उत्तर : खोटा. तुमचा जीएसटी नंबर तुमच्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो, तो सांगितला म्हणजे काही सिद्ध होत नाही. रिफंड मंजूर झाला तर आदेश पोर्टलवर दिसतो, त्यासाठी कोणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. केंद्राच्या कार्यालयातून पोर्टलबाहेर नोटीस किंवा समन्स आलं तर त्यावर डीआयएन नावाचा नंबर असतो, तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून खरा की खोटा ते लगेच पाहता येतं. तुम्ही ओटीपी सांगून बसला असाल तर हा अंक खाली ठेवा आणि आधी पासवर्ड बदला.